अख्खी शेती रेल्वेने हलवण्याची सोय पुन्हा मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याने परभणी जिल्ह्यातील आपली कोरडवाहू जमीन विकून भंडारा जिल्ह्यात, सासुरवाडीजवळ, ओलिताखालची जमीन घेतली आणि अकरा मोठी जनावरे, कालवडी, औतफाटा, कडबाकुट्टीचे यंत्र व घरसामान असा सगळा पसारा ट्रकने तिकडे नेला. पाच ट्रक लागले. एका तपासणी नाक्यावर जनावरांच्या दोन गाड्या कागदपत्रांसाठी चार तास उन्हात उभ्या राहिल्या, त्यामुळे संध्याकाळची धार चुकली आणि मुक्कामी पोहोचल्यावर तीन गाईंना दगडी (कासेची सूज) झाली. एका वळणावर गाडीतच खाली पडलेली सात महिन्यांची गाभण गाय पुढे आठ दिवसांत गाभडली. निघण्यापूर्वी आम्ही दोघांनी रेल्वेच्या एका माल कार्यालयात जाऊन चौकशी केली होती. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने आमचे म्हणणे नीट ऐकून घेतले आणि पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरत असेल तरच पुढे बोलता येईल, असे सांगितले. त्याला मी दोष देत नाही, कारण त्याने आपल्या नोकरीत जनावरांची वाघीण (मालगाडीचा डबा) भरताना कधी पाहिलेलीच नव्हती. मी मात्र १९७४ पासून पस्तीस वर्षे रेल्वेत मालबाबू म्हणून काढली आहेत, आणि शेतकऱ्याचे संपूर्ण बिऱ्हाड, गोठ्यासकट, मालधक्क्यावरून रवाना केलेले आहे. म्हणून हे पत्र.

शेती हलवायची म्हणजे जमीन आणि विहीर सोडून बाकी सगळे हलवायचे. बैल, गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्यांची खुराडी, नांगर, कुळव, पाभर, गाडी, जू, दावी, बी-भरणाचे धान्य, निदान पंधरवडाभर पुरेल एवढी वैरण, आणि ज्यांना हे सगळे कुठे ठेवायचे ते कळते ती घरची माणसे. यातले काहीही मागे राहिले किंवा मागाहून आले, तर नव्या जागेवर पहिल्या दिवसापासून अडचण सुरू होते. बैल आधी पोहोचले आणि वैरण आली नाही, तर बैल उपाशी राहतात. गाय पोहोचली आणि तिच्या सवयीचा धार काढणारा हात पोहोचला नाही, तर ती पान्हा चोरते. त्यामुळे सगळे एकाच वेळी, एकाच वाहनाने आणि एकाच पावतीवर जाणे ही चैन नसून शेतीची निकड आहे. ही निकड रेल्वेइतकी चांगली दुसऱ्या कोणत्याही वाहनाने भागवलेली नाही, याला इतिहासाचा आधार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत इंग्लंडच्या पूर्वेकडील एसेक्स परगण्यात शेतीची दैना झाली होती. अमेरिकेच्या मैदानांतला गहू तिकडच्या रेल्वेने बंदरात आणि आगबोटीने इंग्लंडमध्ये येऊ लागल्यावर गव्हाचे भाव कोसळले, १८७९ चे साल अतिवृष्टीने बुडाले, आणि एसेक्सची जड, चिकण जमीन कसणारी कुळे एकामागून एक शेते टाकून निघून गेली. खंड खूप उतरला, तरी जमीनदारांना कुळ मिळेना. तेव्हा स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यातली गवळी-शेतकऱ्यांची कुटुंबे, ज्यांच्या घरात धारा काढण्यापासून लोणी काढण्यापर्यंतची कामे घरची माणसेच करत, ती ओस जमीन घ्यायला पुढे आली. सहाशे किलोमीटरांहून लांबचा तो प्रवास त्यांनी आपल्या गाई, औजारे आणि पोराबाळांसह आगगाडीने केला, आणि गव्हाच्या शेतांचे कुरण करून लंडनला त्याच रेल्वेने दूध पाठवायला सुरुवात केली. प्रिमरोज मॅकॉनेल नावाच्या अशाच एका स्कॉटिश शेतकऱ्याने १८९१ मध्ये एसेक्सच्या चिकण जमिनीवरचा आपला अनुभव लिहूनही ठेवला आहे. परदेशातला गहू रेल्वेने आणून ज्या व्यवस्थेने एसेक्सची शेते ओस पाडली, त्याच व्यवस्थेने दुसऱ्या टोकाची शेती उचलून तिथे आणून वसवली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रेल्वे फक्त शेतमाल नेण्यासाठी आहे, ही समजूत अर्धीच खरी आहे.

पुढे पहिल्या महायुद्धानंतर, १९२३ मध्ये ब्रिटनमधल्या बहुतेक रेल्वे कंपन्या एकत्र करून चार मोठ्या कंपन्या झाल्या, तेव्हा त्यांनी संपूर्ण शेत हलवून देण्याचे काम रीतसर अंगावर घेतले आणि त्याची जाहिरात केली. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही काही वर्षे ते चालू राहिले. आपल्याकडे सालगड्याचे साल जसे गुढीपाडव्याला फिरते, तसे तिथल्या शेतांचे खंडाचे करार २५ मार्च किंवा २९ सप्टेंबर या ठरलेल्या दिवशी फिरत. त्या सुमारास शेतकऱ्याच्या नावाने एक पूर्ण गाडी निघे: गाईगुरांच्या वाघिणी, घोड्यांचे वेगळे डबे, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रासाठी सपाट, बुटक्या वाघिणी, घरातल्या सामानासाठी बंद पेट्या आणि कुटुंबासाठी व गड्यांसाठी प्रवासी डबा. सकाळची धार जुन्या गोठ्यात काढायची, गुरे स्टेशनापर्यंत चालवत न्यायची आणि जमेल तिथे संध्याकाळची धार नव्या गोठ्यात काढायची, असा बेत असे. दुभत्या गाईची धार बारा तासांहून फार लांबवता येत नाही. म्हणजे अशा गाडीचे वेळापत्रक मुळात गाईच्या कासेवर बेतावे लागे, आणि रेल्वेचे अधिकारी ते तसे बेतत. आपल्याकडे पाण्याच्या गाडीसाठी मार्ग मोकळा ठेवता आला, हे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी पोहोचले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. वेळेचे महत्त्व पटले की रेल्वे वेळ पाळते.

परंतु याबाबतीत सर्वांत बारकाईने विचार केला तो कॅनडाने. तिथे १८७२ च्या कायद्याने पश्चिमेकडील मैदानांत दहा डॉलर भरणाऱ्याला १६० एकर जमीन मिळत असे. अट एवढीच की तिथे राहून ती वहितीखाली आणावी लागे. १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला आणि पूर्वेकडच्या ओंटारियोतून, तसेच पुढे अमेरिकेतूनही, शेतकरी कुटुंबे आजच्या सस्कॅचवान आणि अल्बर्टा प्रांतांकडे निघाली. त्यांच्यासाठी रेल्वेने ‘वसाहतकऱ्याचे सामान’ असा मालाचा एक स्वतंत्र प्रकारच ठरवला आणि एका बंद वाघिणीत सवलतीच्या दरात काय काय भरता येईल, याची यादी छापली. घोडे, खेचरे, गाई, मेंढ्या, डुकरे मिळून दहा जनावरांपर्यंत, वापरलेले घरसामान, वापरलेली गाडी, औजारे आणि यंत्रे, नवे घर उभारायला अडीच हजार फुटांपर्यंत लाकूड, बियाणे, थोड्या कोंबड्या, प्रवासापुरता चारा, आणि थोडी रोपे व झुडपे. जनावरांना चारापाणी करण्यासाठी एका माणसाला त्याच गाडीतून फुकट प्रवास करता येई. घरातला कर्ता पुरुष किंवा थोरला मुलगा जनावरांबरोबर मालगाडीने जाई आणि बायकामुले प्रवासी गाडीने पुढे किंवा मागून येत. ही यादी करणाऱ्याला शेती माहीत होती, असे मी एक मालबाबू म्हणून सांगू शकतो. दर ठरवताना त्याने औजारे आणि सामान ‘वापरलेले’ असण्याची अट घातली, म्हणजे व्यापारी या सवलतीत नवा माल घुसवणार नाही. आणि रोपांचा उल्लेख करायला तो विसरला नाही.

या रोपांवरून मला १९७९ सालची एक वाघीण आठवते. तेव्हा मी परभणी आणि जालना यांच्या दरम्यानच्या एका लहान स्टेशनावर होतो. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी आमची लाइन मीटरगेज होती, आणि पुढे मुदखेडहून किनवट, आदिलाबादकडे जाणारा फाटाही मीटरगेजच होता, म्हणजे माल मध्ये न उतरवता थेट जात असे. भावाभावांत वाटण्या होऊन वाट्याला आलेले चार एकर विकून एक शेतकरी किनवटच्या बाजूला, मामाने दाखवलेल्या जमिनीवर निघाला होता. जनावरांच्या वाहतुकीचे केंद्र सरकारचे नियम आदल्याच वर्षी आले होते आणि त्यांची प्रत आमच्या टेबलावर होती. मीटरगेजच्या वाघिणीत सहाच मोठी जनावरे घालता येत, म्हणून मी त्यांना दोन वाघिणी दिल्या. एकीत एक बैलजोडी, दोन गाई, एक म्हैस आणि तिचे पारडू. दुसरीत चाके काढलेली बैलगाडी, नांगर, तिफण, धान्याची पोती आणि कडबा.

बैलांतला मोठा, कोशा रंगाचा बैल, फळीवर पाय टाकायला तयार होईना. फळी पोकळ वाजत होती आणि जनावराला पोकळ आवाजावर विश्वास बसत नाही. पॉइंट्समनने मागून रेटायला सुरुवात केल्यावर तो आणखीच बिथरला. तेव्हा त्या शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या आईने सगळ्यांना बाजूला सारले, मालधक्क्याच्या कडेची दोन घमेली माती आणून फळीवर पसरली, वर मूठभर कडबा टाकला, बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत त्याच्या पुढे स्वतः वाघिणीत गेली, आणि तो तिच्या मागोमाग निमूट चढला. त्यानंतरच्या नोकरीत जेव्हा जेव्हा जनावर चढवायची वेळ आली, तेव्हा मी आधी फळीवर माती टाकायला लावत असे.

सगळे भरून झाल्यावर तिने पत्र्याच्या डब्यात मातीसह उचललेली तुळस माझ्यासमोर ठेवली आणि विचारले, ‘‘बाबू, ही कुठं लिवता?’’ माझ्या छापील कागदावर तुळशीला रकाना नव्हता. मी ती ‘घरगुती सामान’ या शब्दांत बसवली. कॅनडाच्या रेल्वेने रोपांसाठी वेगळी ओळ छापली होती, हे मला फार नंतर वाचायला मिळाले, आणि तेव्हा पहिल्यांदा ती म्हातारी आठवली.

त्या वाघिणींचा पुढचा प्रवास मात्र निर्वेध झाला नाही. वाटेतल्या एका जंक्शनवर त्या गाडीतून तोडल्या गेल्या आणि पुढची गाडी मिळेपर्यंत सुमारे दीड दिवस यार्डात पडून राहिल्या. जनावरांबरोबर गेलेल्या शेतकऱ्याने पंपावरून बादल्यांनी पाणी वाहिले. म्हशीची धार काढून दूध यार्डातल्या माणसांना वाटले, कारण त्याच्याकडे ते साठवायला भांडे नव्हते. जनावरे सुखरूप पोहोचल्याचे त्याचे पोस्टकार्ड पंधरा दिवसांनी मला मिळाले. तो उशीर नियमांत बसणारा नव्हता आणि त्याची जबाबदारी आम्हा रेल्वेवाल्यांची होती. मी हे सांगतो आहे, कारण ही सोय पुन्हा सुरू करायची तर अशा वाघिणी एखाद्या यार्डात बेवारस पडून राहता कामा नयेत, एवढी खात्री आधी झाली पाहिजे.

१९७८ चे ते नियम आजही वाचण्यासारखे आहेत. रुंदमापी (ब्रॉडगेज) वाघिणीत दहा मोठी जनावरे किंवा पंधरा वासरे, मीटरगेजमध्ये सहा किंवा दहा, नॅरोगेजमध्ये चार किंवा सहा, अशी मर्यादा त्यांत घातलेली आहे. जनावरे रुळांना समांतर, एकमेकांकडे तोंड करून उभी करावीत. खाली निदान सहा सेंटिमीटर जाडीचे गवत अंथरावे. प्रवासाची वैरण वाघिणीच्या मधोमध ठेवावी. हवा यावी म्हणून एका बाजूचा वरचा दरवाजा उघडा ठेवावा आणि इंजिनातल्या ठिणग्या आत येऊ नयेत म्हणून त्याला बारीक जाळी असावी. प्रत्येक वाघिणीबरोबर निदान एक माणूस असावा. गुरांच्या वाघिणी गाडीच्या मध्यभागी जोडाव्यात. दुभत्या जनावरांची दिवसातून दोनदा धार काढावी आणि वासरांना पुरेसे दूध मिळावे. शक्यतो प्रवास रात्री करावा. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जनावर उभे होते, हे प्रत्येक ओळीत जाणवते. अमेरिकेत तर १८७३ पासूनच, आणि १९०६ च्या सुधारित कायद्याने अधिक कडकपणे, रेल्वेतल्या जनावरांना अठ्ठावीस तासांपेक्षा अधिक काळ न उतरवता, चारापाण्याविना ठेवायला मनाई झाली. आपले नियम त्याहून कमी दर्जाचे नाहीत. ते वापरायला वाघीणच मिळत नाही, ही अडचण आहे.

ती का मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. १९८० च्या दशकात भारतीय रेल्वेने सुटा माल आणि एकेका वाघिणीचे बुकिंग हळूहळू कमी करून पूर्ण गाडीभर एकाच मालाची वाहतूक करण्याचे धोरण स्वीकारले. वाघिणी यार्डांत दिवसेंदिवस अडकून पडत होत्या आणि त्यातून कोळसा, सिमेंट, धान्य, खते यांची वाहतूक तुंबत होती, त्यामुळे ते धोरण निराधार नव्हते; मी ज्या दीड दिवसाबद्दल लिहिले तेच दुखणे देशभर होते. ब्रिटनमध्येही १९६२ च्या कायद्याने, मिळेल तो माल नेण्याचे रेल्वेवरचे जुने बंधन काढून टाकले आणि पुढच्याच वर्षीच्या फेररचनेच्या अहवालानंतर लहान स्टेशनांवरचे मालधक्के झपाट्याने बंद झाले. पण मोठ्या मालासाठी मार्ग मोकळा करताना लहान माल कुठे जाईल, याचा विचार करायचा राहून गेला. तो रस्त्यावर गेला. ट्रकमध्ये एका गाईला दोन चौरस मीटर जागा द्यावी, असा नियम आहे. प्रत्यक्षात काय होते ते महामार्गावर उभे राहणाऱ्या कोणालाही दिसते.

आता कोणी म्हणेल की शेती घेऊन जाणारे असे किती लोक आहेत? संख्येने थोडे आहेत, हे मान्य. परंतु धरणात जमीन गेलेली कुटुंबे, वाटण्यांमुळे दुसऱ्या जिल्ह्यात जमीन घेणारे, हरियाणातून मुऱ्हा आणि गुजरातेतून जाफराबादी म्हशी आणणारे दूध-उत्पादक, दुष्काळात जनावरे नातेवाइकांकडे चाऱ्यावर धाडणारे, या सगळ्यांना तीच वाघीण लागते. मुंबईच्या तबेल्यांत हरियाणा आणि गुजरातेतल्या म्हशी एके काळी रेल्वेनेच येत होत्या. शिवाय आज जनावरे घेऊन रस्त्यावरून जाणाऱ्या प्रामाणिक शेतकऱ्याला प्रत्येक नाक्यावर आपण कसायाकडे निघालो नाही हे सिद्ध करावे लागते. पशुवैद्यकाच्या दाखल्यासह रेल्वेची पावती, निघण्याचे आणि उतरण्याचे स्टेशन व घेणाऱ्याचे नाव, हे त्याच्यासाठी मोठे संरक्षण ठरेल.

आणि लहान माल घेणे रेल्वेला जमतच नाही, असेही नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली. सुमारे १,५१९ किलोमीटरचे अंतर तिने अंदाजे बत्तीस तासांत कापायचे होते. वाटेतल्या स्टेशनांवर वेगवेगळ्या शेतकऱ्यांचा थोडा थोडा माल तिने घेतला आणि उतरवला, त्याला किमान वजनाची अट नव्हती, आणि पुढे फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात पन्नास टक्के सवलतही मिळाली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला शंभरावी किसान रेल्वे रवाना झाली. सांगोल्याच्या डाळिंबांची पेटी ज्या पद्धतीने तेव्हा बुक झाली, त्या पद्धतीने सांगोल्याच्या शेतकऱ्याची बैलजोडी आणि नांगर बुक होण्यात तांत्रिक अडचण कोणती, ते रेल्वे प्रशासनाने एकदा स्पष्ट करावे.

माझी मागणी मर्यादित आहे. पार्सल गाड्यांना किंवा ठरलेल्या मार्गांवरच्या मालगाड्यांना आठवड्यातून एकदा दोन-चार जनावरांच्या वाघिणी जोडता येतील आणि जनावरे, औजारे, वैरण व घरसामान एकाच पावतीवर ‘शेतकऱ्याचे बिऱ्हाड’ म्हणून, एका माणसाच्या मोफत प्रवासासह, बुक करता येईल, असा एक प्रकार दरपत्रकात घालावा. सुरुवात पाच-सहा स्टेशनांपासून करावी. मराठवाड्यात परभणी किंवा नांदेड, विदर्भात नागपूरजवळचे एखादे स्टेशन, पश्चिम महाराष्ट्रात कुर्डुवाडी किंवा मिरज. २०२१ च्या धोरणानुसार उभ्या राहणाऱ्या गतिशक्ती माल-टर्मिनलांमध्ये एक पाण्याचा हौद, सावलीची शेड आणि जनावरे चढवण्याचा उतार बांधणे, हा त्या प्रकल्पांच्या खर्चात किरकोळ भाग आहे. मधल्या यार्डात वाघीण चार तासांहून अधिक थांबली, तर विभागीय नियंत्रण कक्षाला त्याची नोंद घेणे बंधनकारक करावे.

याबरोबर एक तातडीची विनंती आहे. अमृत भारत योजनेखाली सध्या अनेक जुन्या स्टेशनांची नव्याने बांधणी सुरू आहे आणि त्यात दगडी उतार असलेले जुने मालधक्के वाहनतळासाठी पाडले जात आहेत. मी ज्या स्टेशनावर त्या म्हातारीला फळीवर माती पसरताना पाहिले, तिथला मालधक्का अजून उभा आहे आणि त्याचा उतार शाबूत आहे. असे किती उतार शिल्लक आहेत, याची यादी रेल्वेच्या संबंधित विभागांनी पाडकाम पुढे नेण्यापूर्वी करावी आणि निदान प्रत्येक जिल्ह्यात एक तरी राखून ठेवावा.

आपला,
एक निवृत्त माल लिपिक,
जि. परभणी